गॅस गिझरची ज्योत वारंवार विझते तेव्हा: दोष शोधण्याची क्रमवार पद्धत

सिद्धेश्वरांच्या यात्रेचे दिवस होते, घरात पाहुणे होते आणि भोगीच्या सकाळी तीळ लावून न्हायला बसलेल्या मावशींच्या अंगावर अचानक गार पाणी आले. गिझर बंद पडला होता. नळ बंद करून पुन्हा उघडला की तो चटचट आवाज करून पेटायचा, एखादी बादली भरेपर्यंत नीट चालायचा आणि पुन्हा विझायचा. आलेल्या मिस्त्रीने झाकण उघडून एक नजर टाकली, 'सर्किट गेलंय' असे सांगितले आणि नवे सर्किट बसवून पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी गिझर पुन्हा तसाच विझू लागला. शेवटी दोष सापडला तो पाण्याच्या तोंडाशी असलेल्या, शिवणकामाच्या अंगुस्तानाएवढ्या जाळीत. तिच्यावर टाकीच्या तळाचा तपकिरी गाळ चिकटला होता आणि त्यात पांढऱ्या क्षाराच्या पापड्या अडकल्या होत्या. जुन्या दातघासणीने जाळी घासायला दोन मिनिटे लागली. बदललेले सर्किट मुळात चांगले होते, ही गोष्ट नंतर लक्षात आली.

या प्रसंगानंतर मी एक सवय लावून घेतली. ज्योत विझली की कोणता भाग बिघडला असेल याचा अंदाज बांधण्यापूर्वी ती नेमकी केव्हा विझते हे पाहायचे. गिझरमध्ये ज्योत विझवण्याचे काम अनेक पहारेकऱ्यांकडे सोपवलेले असते आणि बहुतेक वेळा ज्योत विझते ती यातील एखाद्याने आपले कर्तव्य बजावल्यामुळे. कोणत्या पहारेकऱ्याने हात वर केला हे त्याच्या वेळेवरून ओळखता येते. पुढील सर्व विवेचन सोलापुरातील बहुसंख्य घरांत दिसणाऱ्या, सिलिंडरवर व दोन सेलवर चालणाऱ्या, सहा लिटरच्या तात्काळ पाणी तापवणाऱ्या गिझरला धरून केले आहे.

झाकणाला हात लावण्यापूर्वी

गॅसचा वास येत असल्यास तपासणी तेथेच थांबवावी. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये आणि घराबाहेर जाऊन १९०६ या गॅस गळतीच्या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. म्हणून उभ्याने वास येत नाही याचा अर्थ गळती नाही असा घेऊ नये.

दुसरा धोका वासाने कळत नाही. ज्योतीला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. बंद न्हाणीघरात स्नान करताना माणसे बेशुद्ध पडून दगावल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात, त्यामागे बहुधा हाच वायू असतो. गिझर न्हाणीघराच्या आत बसवलेला असेल, तर ज्योत का विझते हा प्रश्नच दुय्यम ठरतो. तो आधी बाहेर, मोकळी हवा असलेल्या बोळात किंवा गॅलरीत हलवावा आणि मगच पुढचे वाचावे. स्नान करताना डोके जड होणे, मळमळणे, पायांतले बळ गेल्यासारखे वाटणे ही लक्षणे एकदाही जाणवली असतील, तर दुरुस्ती होईपर्यंत तो गिझर वापरू नये.

पेटण्याचा क्रम

नळ उघडला की पाणी प्रथम गिझरच्या तळाशी असलेल्या पाण्याच्या व्हॉल्व्हमध्ये शिरते. त्यात रबराचा एक गोल पडदा असतो. पाणी पुरेशा वेगाने वाहू लागले की पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबांत फरक पडतो, पडदा उचलला जातो आणि त्याला टेकलेली बारीक पिन एका छोट्या स्विचला ढकलते. हा स्विच सर्किटला जागे करतो. दीड व्होल्टच्या दोन मोठ्या सेलमधून मिळणाऱ्या तीन व्होल्टवर सर्किट ठिणग्या पाडू लागते आणि त्याच वेळी गॅसचा विद्युत व्हॉल्व्ह उघडते. बर्नर पेटतो. ज्योतीत टोक बुडवून उभी असलेली धातूची एक काडी, म्हणजे ज्योत ओळखणारा सेन्सर, ज्योत खरोखर आहे अशी ग्वाही सर्किटला देत राहतो. ही ग्वाही काही सेकंदांत मिळाली नाही किंवा मध्येच तुटली, तर सर्किट गॅस तोडते. तांब्याच्या नळीवर बसवलेला उष्णतेचा स्विच पाणी प्रमाणाबाहेर तापले की तेच करतो. याखेरीज अनेक गिझरमध्ये वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते, आणि ती माहीत नसल्यामुळे चांगला गिझर बिघडला असे समजून मिस्त्रीला बोलावणारे लोक मी पाहिले आहेत.

थोडक्यात, ज्योत जिवंत राहण्यासाठी पाण्याचा वेग, सेलची ताकद, सेन्सरची ग्वाही, गॅसचा दाब, हवा आणि मर्यादेतले तापमान या सर्व गोष्टी एकाच वेळी टिकाव्या लागतात.

घड्याळ लावून नोंद

मोबाईलवरचे घड्याळ सुरू करावे, नळ पूर्ण उघडावा, गिझरसमोर उभे राहावे आणि ज्योत किती वेळाने विझते ते तीन वेळा लिहून ठेवावे. त्यासोबत ज्योतीचा रंग, विझण्यापूर्वी ती हळूहळू लहान झाली की एकदम गेली, त्या क्षणी घरात दुसरा नळ कोणी उघडला का आणि विझल्यानंतर ठिणगीचा आवाज आपोआप पुन्हा सुरू झाला का, हेही टिपावे. हे शेवटचे निरीक्षण फार उपयोगी असते. पाण्याचा वेग क्षणभर घटून पुन्हा वाढला, तर पडदा खाली बसून पुन्हा उचलला जातो आणि गिझर नव्याने ठिणग्या पाडू लागतो. म्हणून 'विझतो आणि स्वतःच पेटतो' अशी तक्रार असेल, तर संशय आधी पाण्यावर घ्यावा. 'विझतो आणि नळ बंद करून उघडेपर्यंत पेटत नाही' अशी तक्रार असेल, तर सेन्सर किंवा गॅसचा पुरवठा आधी पाहावा. 'विझतो आणि दहा मिनिटे काही केल्या पेटत नाही' असे असेल, तर बहुधा उष्णतेच्या स्विचने काम केलेले असते आणि तो थंड होण्याची वाट पाहत असतो.

पहिल्या दहा सेकंदांत विझत असेल तर

या वेळी सेलपासून सुरुवात करावी, कारण ते सर्वांत स्वस्त आहे. ठिणगी पडते म्हणजे सेल चांगले आहेत हा समज चुकीचा आहे. उतरलेले सेल ठिणगी पाडण्याइतकी ताकद देतात, मात्र गॅसचा विद्युत व्हॉल्व्ह धरून ठेवताना त्यांचा विद्युतदाब घसरतो आणि व्हॉल्व्ह मिटतो. दोन्ही सेल एकदमच बदलावेत. ते अल्कलाईन असावेत. पुन्हा चार्ज होणारे सेल या कामासाठी वापरू नयेत, कारण ते दीड व्होल्टऐवजी सव्वा व्होल्टच्या आसपासच देतात. सेलच्या डबीतील स्प्रिंगवर पांढरी किंवा हिरवट बुरशीसारखी साय आली असल्यास ती बारीक पॉलिश पेपरने घासून धातू चमकवावा. न्हाणीघराच्या वाफेत ही साय लवकर धरते आणि नवे सेल घालूनही काही फरक पडत नाही, त्याचे कारण पुष्कळदा येथेच असते.

सेल ठीक असतील तर सेन्सर पाहावा. त्याचे काम मोठे गमतीचे आहे. ज्योतीतील वायू अंशतः आयनांत मोडलेले असतात, त्यामुळे ज्योत स्वतः अत्यल्प वीज वाहून नेते आणि हा काही मायक्रोअँपिअरचा प्रवाह सेन्सरपासून ज्योतीतून बर्नरच्या धातूपर्यंत जातो. थंड देशांत संपूर्ण घर उबदार ठेवणाऱ्या गॅस फर्नेसमध्येही ज्योत याच तत्त्वाने ओळखली जाते आणि तेथेही पेटून काही सेकंदांत विझणाऱ्या फर्नेसचा सेन्सरच आधी साफ करून पाहतात. इतक्या क्षीण प्रवाहाला काजळीचा किंवा पांढऱ्या राखेचा पातळ थरसुद्धा अडवतो. ज्योत डोळ्यांना दिसते, सर्किटला मात्र ती दिसत नाही.

सफाईसाठी रेग्युलेटर बंद करावा, सेल काढावेत, गिझर पूर्ण थंड होऊ द्यावा आणि समोरचे झाकण स्क्रू काढून अलगद उतरवावे. झाकणाला बटणांच्या तारा जोडलेल्या असू शकतात, म्हणून ते झटक्याने ओढू नये. बर्नरच्या कडेला साधारणपणे दोन काड्या दिसतात. जाड, काळी व ताठ तार सर्किटच्या उच्च विद्युतदाबाच्या भागाकडून जिला येते ती ठिणगीची, आणि दुसरी सेन्सरची. सेन्सरचे टोक सर्वांत बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने पुसावे. खरवडू नये, आणि काडी वाकवू तर मुळीच नये, कारण तिचे टोक ज्योतीत बुडेल अशाच जागी असावे लागते. काडीभोवतीच्या पांढऱ्या चिनी मातीच्या नळीला केसाएवढी जरी चीर असली तरी दमट हवेत प्रवाह तेथूनच गळतो. अशी काडी बदलावी लागते. चिरेत गोंद भरून ती टिकत नाही.

या सगळ्यात एक तार हमखास दुर्लक्षित राहते. सर्किटमधून निघून गिझरच्या पत्र्याला स्क्रूने जोडलेली तार प्रवाहाचा परतीचा रस्ता असते. त्या स्क्रूखाली गंज धरला की सेन्सर कितीही चकचकीत असला तरी ज्योत ओळखली जात नाही. स्क्रू काढावा, पत्रा व तारेचे टोक घासावे, पुन्हा घट्ट बसवावे. मी आता कोणाचाही गिझर उघडला की आधी हा स्क्रू पाहतो.

दुसरा नळ उघडला की विझणारी ज्योत

सोलापुरात गिझरच्या बहुतांश तक्रारींचे मूळ मी पाण्यात शोधतो. शहराला उजनीचे पाणी मिळते, पण ते रोज मिळत नाही. अनेक भागांत काही दिवसांच्या अंतराने पाणी येते, ते हौदात साठवले जाते, तेथून मोटारीने गच्चीवरील टाकीत चढवले जाते आणि कमी पडले तर बोअरचे पाणी त्यात मिसळले जाते. या व्यवस्थेत टाकीचा तळ वारंवार उघडा पडतो. तळ उघडा पडला की दोन गोष्टी घडतात. पाईपमध्ये हवा शिरते आणि तळाचा गाळ पुढच्या भरणीबरोबर ढवळून गिझरच्या जाळीवर येऊन बसतो.

त्याखेरीज उंचीचा प्रश्न असतो. अनेक घरगुती गिझरच्या पाटीवर पाण्याचा किमान दाब ०.०२५ मेगापास्कल असा लिहिलेला आढळतो. हा दाब सुमारे अडीच मीटर, म्हणजे आठ फुटांहून थोडा अधिक उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असतो. आता साधे एकमजली घर डोळ्यांपुढे आणावे. स्लॅब दहा फुटांवर, त्यावर तीन फूट उंचीचा चौथरा, त्यावर टाकी, आणि गिझरचे पाण्याचे तोंड जमिनीपासून पाच फुटांवर. टाकीत तीन फूट पाणी असताना गिझरला अकरा फुटांचा दाब मिळतो. टाकी तळाला गेली की तोच आठ फुटांवर येतो, म्हणजे मर्यादेच्या किंचित खाली. अशा घरात टाकी भरल्या दिवशी गिझर गुणी मुलासारखा वागतो आणि टाकी उतरली की रुसतो. त्याच वेळी स्वयंपाकघरात कोणी भांडी घासायला नळ सोडला तर उरलेला दाबही वाटला जातो आणि पडदा खाली बसतो. आमच्याकडे भोगीला हेच झाले होते. सहा माणसांच्या स्नानाने टाकी उतरली होती, जाळी अर्धी बुजली होती आणि आत तिळगुळाच्या कढया धुतल्या जात होत्या.

प्रवाह मोजण्यासाठी गॅस बंद ठेवून गिझरच्या नळाखाली दहा लिटरची बादली लावावी. ती चार मिनिटांत भरत नसेल, तर मिनिटाला अडीच लिटरही पाणी मिळत नाही असा अर्थ होतो आणि इतक्या कमी प्रवाहावर ज्योत टिकण्याची अपेक्षा धरू नये. हीच मोजणी शॉवर काढून आणि शॉवर लावून अशी दोनदा करावी. दोन्हींत मोठा फरक असेल तर शॉवरची छिद्रे क्षाराने बुजली आहेत. ती व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवल्यास मोकळी होतात.

जाळी साफ करताना गिझरकडे येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करावा, खाली बादली ठेवावी आणि तोंडाचे नट पान्याने सोडवावे. जाळी बहुधा नटाच्या आतच बसलेली असते. ती धुऊन परत लावताना रबरी वायसर फाटला असेल तर नवा घालावा. जाळी कायमची काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तसे केल्यास गिझर दोन आठवडे छान चालतो आणि नंतर वाळूचा कण पडद्याच्या व्हॉल्व्हमध्ये अडकून बसतो, ज्याची दुरुस्ती जाळी धुण्याइतकी सोपी नसते. पाईपमध्ये हवा अडकली असल्यास पाणी थुंकल्यासारखे, खंड पडत येते. अशा वेळी गॅस बंद ठेवून घरातील सर्वांत खालचा नळ पूर्ण उघडा ठेवावा आणि धार अखंड झाली की मग गिझर लावावा.

प्रवाह भरपूर असूनही स्विच लागत नसेल किंवा ज्योत थरथरत राहत असेल, तर पडदा कडक झाला किंवा फाटला असण्याचा संभव आहे. व्हॉल्व्हच्या खालच्या छिद्रातून पाण्याचे थेंब पडणे ही त्याची खूण आहे. पडदा महाग नसतो, मात्र तो बसवण्यासाठी गॅसचा व पाण्याचा जोडलेला भाग उघडावा लागत असल्याने ते काम मिस्त्रीकडूनच करून घ्यावे आणि जुना पडदा दाखवून त्याच मापाचा नवा आणायला सांगावे.

चार-पाच मिनिटांनी विझून बराच वेळ न पेटणारा गिझर

हा उष्णतेच्या स्विचचा मामला असतो आणि त्यामागे बहुधा क्षार असतो. बोअरच्या पाण्यात विरघळलेला कॅल्शियम बायकार्बोनेट पाणी तापले की कॅल्शियम कार्बोनेट होऊन तांब्याच्या नळीच्या आतल्या बाजूला दगडासारखा बसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एकूण कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालवून घ्यावा, असे धरले आहे. ज्या घरात डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही आणि स्टीलच्या भांड्यांवर पांढरे ओघळ उरतात, तेथे कठीणपणा मोजायची वेगळी गरज नाही.

हा क्षार वाढवण्यात आपल्या एका सवयीचा मोठा हात असतो. पाणी कमी सोडून ते कढत करायचे आणि मग बादलीत गार पाणी मिसळायचे, ही ती सवय. सहा लिटरचा गिझर याचा साधारण अर्थ असा की तो मिनिटाला सहा लिटर पाण्याचे तापमान २५ अंशांनी वाढवतो. प्रवाह निम्मा केला की वाढ दुप्पट, म्हणजे ५० अंश होते. जानेवारीत टाकीतले पाणी वीस अंशांवर असेल तर ते सत्तरवर जाते आणि क्षार भराभर बसतो. एप्रिल-मे महिन्यांत तर सोलापूरच्या गच्चीवरील टाकीतले पाणी दुपारी चाळिशीच्या घरात असते. बाळंतिणीसाठी किंवा तान्ह्या बाळासाठी त्या दिवसांतही गिझर लावला जातो, त्याचे ऋतू निवडण्याचे बटण हिवाळ्यावरच राहिलेले असते, पाणी नव्वदीकडे धाव घेते आणि स्विच गॅस तोडतो. येथे दुरुस्तीची गरजच नसते. बटण उन्हाळ्यावर आणावे, गॅस कमी करावा आणि पाणी पूर्ण सोडावे.

बटणे नीट असूनही हेच होत असेल आणि गिझरमधून चहाचे आधण आल्यासारखा गुरगुराट ऐकू येत असेल, तर क्षार काढावा लागतो. गॅस व पाणी बंद करून गिझर थंड झाल्यावर त्याचे दोन्ही पाईप सोडवावेत. किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, एक लिटर कोमट पाण्यात सुमारे ५० ग्रॅम या प्रमाणात विरघळवावे आणि कूलरमध्ये वापरतात तसा छोटा पंप बादलीत ठेवून हे पाणी अर्धा ते पाऊण तास गिझरमधून फिरवत राहावे. सुरुवातीला बुडबुडे येतात, पाणी गढूळ होते आणि बुडबुडे थांबले की काम झाले असे समजावे. नंतर स्वच्छ पाण्याने भरपूर धुऊन मगच पाईप जोडावेत. शौचालय साफ करण्याचे जळजळीत ॲसिड वापरून हे काम पाच मिनिटांत उरकणारे लोक आहेत. त्यात मीठाचे तेजाब असते. ते क्षाराबरोबर तांब्याची पातळ नळी आणि तिचे सांधेही खाते आणि पुढच्या हंगामात गिझर गळू लागतो.

उष्णतेचा स्विच 'सारखा पडतो' म्हणून त्याच्या दोन तारा एकमेकींना जोडून देणारे महाभागही भेटतात. असा गिझर विझत नाही हे खरे आहे. नळीत पाणी अडकले असताना तो वाफ तयार करीत राहतो, हेही तितकेच खरे आहे. अशी जोडणी आढळल्यास तो गिझर त्याच दिवशी बंद ठेवावा.

हळूहळू लहान होत विझणारी ज्योत

ज्योत एकदम न जाता मंदावत जात असेल तर गॅस कमी पडतो आहे. घरगुती रेग्युलेटर सिलिंडरमधील दाब सुमारे ३० मिलिबारवर आणून देतो आणि गिझरही त्याच दाबासाठी बनवलेला असतो. सहा लिटरचा गिझर तासाला साधारण एक किलोच्या आसपास गॅस ओढतो, जो शेगडीच्या एका बर्नरच्या कित्येक पट आहे. म्हणून शेगडी व गिझर एकाच सिलिंडरवर टी लावून चालवले जात असतील, तर शेगडीचे दोन्ही बर्नर बंद करून पुन्हा पाहावे. फरक पडला तर गिझरला स्वतंत्र सिलिंडर देणे हाच उपाय आहे.

सिलिंडर संपत आल्यावर हा त्रास वाढतो. आतला द्रव वायू होताना सभोवतालची उष्णता घेतो आणि द्रवाची पातळी खाली गेली की उष्णता घेणारा पत्र्याचा भाग कमी होतो. सोलापूरची थंडी गॅस गोठवणारी नाही, कारण एलपीजीतील ब्युटेन शून्याच्या जरा खाली आणि प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो. परंतु पहाटे सलग चार स्नाने झाली की सिलिंडरच्या खालच्या भागावर दव धरते आणि दाब उतरतो. अशा वेळी सिलिंडर आडवा करणे, हलवणे किंवा गरम पाण्यात ठेवणे हे प्रकार धोक्याचे आहेत. थोडा वेळ थांबावे किंवा सिलिंडर बदलावा.

नारंगी सुरक्षा पाईपला कोठे मोड पडली आहे का, तो भिंतीत किंवा खिडकीच्या चौकटीत चेंबला आहे का हेही पाहावे. जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का हे तपासावे. काडी पेटवून गळती शोधण्याची पद्धत अजूनही पूर्णपणे गेलेली नाही, म्हणून ती करू नये हे लिहावे लागते.

वारा, तूस आणि काजळी

वाऱ्याने ज्योत विझत असेल तर ती विझण्याची वेळ अनियमित असते, म्हणून नोंदवहीत काही ताळमेळ लागत नाही. गॅलरीत समोरून वारा खाणाऱ्या गिझरला आडोसा हवा, मात्र तो चारही बाजूंनी बंद करणारा नसावा. धुराचा पाईप असलेल्या गिझरमध्ये त्या पाईपचे बाहेरचे तोंड तपासावे. पारव्याने तेथे घरटे केल्याचे मी एकदा पाहिले आहे. घरातील एक्झॉस्ट पंखा चालू असतानाच ज्योत बिघडत असेल, तर पंखा धूर उलटा आत ओढतो आहे. हा प्रकार ज्योत विझण्यापेक्षाही गंभीर आहे.

ज्योत निळी व टोकदार असावी. ती पिवळी, लांब व डुलणारी झाली असेल, तर बर्नरला हवा मिळत नाही. शहराच्या पूर्व भागात, खाली यंत्रमाग आणि वर राहते घर अशा इमारतींत, याचे एक खास कारण असते. चादरीच्या किंवा टॉवेलच्या सुताचे बारीक तूस हवेत तरंगत असते आणि बर्नरच्या हवेच्या छिद्रांवर ते गोधडीच्या कापसासारखे बसते. एका घरात बर्नरच्या तोंडांवरून मी चिमटीने ओढलेला थर अखंड पट्टीसारखा निघाला होता, निळ्या आणि लाल धाग्यांसकट. अशा घरात वर्षातून एकदा पुरत नाही. दर तीन-चार महिन्यांनी गॅस बंद करून, झाकण काढून, कोरड्या मऊ ब्रशने बर्नर झाडावा. वरच्या तांब्याच्या पात्यांमध्ये काजळी भरली असेल, ज्योत झाकणाच्या खिडकीतून बाहेर डोकावत असेल किंवा पेटताना 'भप्प' असा आवाज येत असेल, तर पुढे काही न करता मिस्त्रीला बोलवावे.

मिस्त्रीला काय सांगावे

'गिझर चालत नाही' इतकेच सांगितले की सर्किट बदलले जाते. त्याऐवजी लिहून ठेवलेली वेळ सांगावी: सात सेकंदांनी विझतो, सेल नवे आहेत, सेन्सर आणि पत्र्याचा स्क्रू घासला आहे, दहा लिटरची बादली अडीच मिनिटांत भरते. एवढे ऐकल्यावर समोरचा माणूस सरळ गॅसच्या विद्युत व्हॉल्व्हकडे आणि छोट्या स्विचकडे वळतो, कारण आता तेवढेच उरलेले असते. सर्किट बदलायचेच असेल, तर नवे सर्किट केवळ तारा जोडून आधी चालवून दाखवण्यास सांगावे. काढलेला जुना भाग मागून घ्यावा.

दुरुस्तीनंतर मिस्त्री असतानाच टाकी निम्मी असेल अशा वेळी चाचणी घ्यावी. गिझर सलग दहा मिनिटे चालू ठेवावा, मध्ये स्वयंपाकघराचा नळ दोनदा उघडावा, नंतर नळ बंद करून एका मिनिटाने पुन्हा उघडावा आणि ज्योत लगेच, 'भप्प' आवाज न करता, निळी पेटते का ते पाहावे. सर्व जोडांवर पुन्हा एकदा साबणाचा फेस लावावा. झाकण शेवटी बसवावे.